बटणं ठरेपर्यंत

"अजून ठरत नाही हो," असं म्हणून तो चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि तसाच मळका डोळ्यांवर चढवायचा. धुळ्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघे शिकवायचो. काहीच न ठरवण्याबाबत इतका ठाम माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

त्याचे वडील, आबा, एस.टी.त कंडक्टर होते. जन्मभर "एरंडोल, एरंडोल" ओरडलेला आवाज अर्धांगवायूने गेला. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. त्यांच्यासाठी हा घरी प्रोग्रॅम लिहीत होता. पडद्यावर मोठी बटणं एकेक करून उजळणार, हवं ते उजळताना बोट दाबलं की कॉम्प्युटर बोलणार: पाणी द्या, कूस बदला. शिवाय तो कोणालाही फुकट घेता यावा, उघडून बदलता यावा. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो.

अडलं बटणांपाशी. पडद्यावरच्या खिडक्या-बटणांचे तयार संच तेव्हा दोन-तीन मिळत. एक देखणा, पण तो फुकट वाटायला मालकाच्या अटी. दुसरा बिनअटींचा, पण त्यात मराठी अक्षरं फुटायची. याने पहिल्यात निम्मं काम केलं, पुसलं, दुसऱ्यात केलं, तेही पुसलं.

"जे चालतंय ते आबांपुढे ठेवा की," मी म्हणालो.

"आत्ता चुकीचं धरलं तर पुढचे सगळे अडकतील, सर."

पुढच्या सगळ्यांची त्याला काळजी होती. शेजारच्या खोलीत एक जण कधीचा अडकून पडला होता.

शेवटी त्याच्या आईने, अक्काने, आबांच्या बोटाला चमचा बांधला आणि खाली स्टीलची ताटली ठेवली. ताटली वाजली की अक्का स्वयंपाकघरातून यायची. याने ताटली उचलून फळीवर ठेवली.

"ही सवय लागली तर बटणं शिकणार नाहीत ते."

"तुन्हं ठरस तवलोंग यासनी काय करानं?" अक्काने विचारलं.

तोवर आबांनी काय करायचं ते न ठरवताच हा कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. ताटली फळीवरच राहिली.

एका उन्हाळी दुपारी अक्का दळण आणायला गेली. हा शेजारच्या खोलीत बटणांचे रंग लावून बघत होता. ती परतली तेव्हा आबा गेले होते. तोंड उघडं, जीभ कोरडी. हे अक्कानेच मला सांगितलं, न रडता. मला त्याचा संताप आला, अजूनही येतो.

महिन्याभरात त्याचं ठरलं. बिनअटींचा संच घेतला आणि अक्षरांच्या जागी चित्रं टाकली. इतकं सोपं होतं ते. क्लासमधल्या आम्हाला घरी बोलावून त्याने आबांच्या खोलीत दाखवलं. पेल्याचं चित्र उजळलं, त्याने बोट दाबलं. त्याच्याच आवाजात कॉम्प्युटर म्हणाला, "पाणी द्या."

आतून अक्का भरलेला पेला घेऊन लगबगीने आली आणि रिकाम्या खाटेपाशी थांबली. तिच्या हातातला पेला घ्यायलाही तो उठला नाही.