सुईदोरा कुणाचा

थोरल्या जावेच्या पोटात दुखायला लागलं ते त्या मुलाखतीपासून. धाकटी जाऊ आपल्या कापडी पिशव्यांच्या धंद्याबद्दल बोलत होती. "'सुईदोरा' हे गोड नाव कसं सुचलं?" असं विचारल्यावर ती हसून म्हणाली, "असंच, सहज सुचलं."

सहज! नाव थोरलीचं होतं. धाकटी लग्न होऊन यायच्या आधी थोरली लोकांचे कपडे शिवायची. आपलीही वेबसाइट असावी म्हणून तिने हौसेने त्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि मशीनवर चादर पडली ती पडलीच. "ताई, नुसतं पडून आहे तर मी वापरू?" असं धाकटीने विचारलं, तेव्हा थोरलीने मोठ्या मनाने हो म्हटलं. आता मागच्या खोलीत धाकटीच्या मशिनी धडधडत होत्या. कुरियरवाला दारातून "सुईदोरावाल्या मॅडम!" अशी हाक मारायचा आणि थोरली बाहेर आली की म्हणायचा, "तुम्ही नाही, त्या."

त्यातच धाकटीने विषय काढला. "ताई, डोमेन माझ्या खात्यात घ्यावं म्हणते. तुम्ही त्याचं लॉक काढून हस्तांतराचा कोड दिलात की बाकीचं मी बघते."

"देते की," थोरली म्हणाली. कोड दिलाही. पण मग डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून तिच्या मेलवर शेवटची विचारणा आली: हस्तांतर मंजूर की नामंजूर? तिने उठून दाराला कडी लावली आणि 'नामंजूर' दाबलं. कंपनीचाच काहीतरी घोळ झाला, असं सांगून मोकळं व्हायचं तिने ठरवलं.

पण कंपनीने धाकटीलाही कळवलं. ती फोन पुढे धरून उभी राहिली. "ताई, मालकाने नकार दिला म्हणे."

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. मग तोंडाचा पट्टा सुटला. "आहेच मी मालक! सहज सुचलं काय? कुणाला सुचलं?"

धाकटीने फोन खाली घेतला. "चुकलंच माझं. पण या घरातला पडदासुद्धा तुम्ही निवडलेला, ताई. एक तरी गोष्ट माझी असावी असं वाटलं हो."

म्हणजे हीसुद्धा आपल्यावर जळत होती! मंजुरी मात्र थोरलीने दिली नाही. काही दिवस वाट पाहून धाकटीने दुसरं नाव घेतलं आणि दुकान तिकडे हलवलं. गिऱ्हाइकंही मागोमाग गेली. नव्या नावाखालीसुद्धा कुणीतरी 'किती गोड नाव' असं लिहिलेलं वाचून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

'सुईदोरा' उघडलं की आता कोरं पान दिसायचं. डोमेन तिचंच असल्याने जुन्या पत्त्यावरचे मेल तेवढे आता थोरलीच्या खात्यात यायचे. एक दिवस एका बाईने विचारलं, 'बाळाचं सामान मावेल अशी पिशवी मिळेल का?'

थोरलीने धाकटीचा नवा पत्ता टाइप केला. मग तो पुसून तिने लिहिलं, 'मिळेल. रंग कोणता हवा?' आणि मशीनवरची चादर ओढून काढली.