चार फासळ्या कमी

रेजीनवहिनींचा फोन आला तेव्हा मी क्लॅरिनेट पुसत बसलो होतो. "सर, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना होईल. पास्कू गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त मला राग येतो. कित्येक वर्षं त्यानं त्या दुखण्याला दाराबाहेर उभं ठेवलं होतं, आणि शेवटी ते घुसलंच.

पास्कू म्हणजे आमच्या सांडोर गावच्या बँडचा ट्रम्पेट. सकाळी केळीची वाडी, संध्याकाळी सराव. लग्न असो की मयत, सगळ्यांच्या पुढे तोच. मी शाळेत शिकवायचो आणि बँडमध्ये त्याच्या मागे उभा राहायचो. छातीवर डाव्या बाजूला गाठ आली, ती घड उचलताना लागलेला मार समजून त्यानं अंगावर काढली. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फासळीचा कॅन्सर आहे. चार फासळ्या काढायच्या, तिथे जाळी आणि हाडाच्या सिमेंटची पाटी बसवायची, आणि पाठीचा स्नायू काखेखालून पुढे फिरवून त्यावर पांघरायचा. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला होता. पास्कूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, ट्रम्पेट वाजेल?"

"मोकळा श्वास घेता आला तरी पुष्कळ. वाजवण्याचं वचन मी देत नाही."

"मग तेवढं माझ्याकडे लागलं."

त्याचा थोरला भाऊ म्हणाला, कापाकापी नको, नऊ दिवसांची प्रार्थना धरू, नोव्हेना करू. पास्कू म्हणाला, "नोव्हेना तू कर, ऑपरेशन मी करून घेतो."

ऑपरेशननंतर नर्सनं त्याच्या हातात श्वासाच्या व्यायामाचं, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र दिलं. आमच्या गड्यानं नळी तोंडाला लावली आणि सवयीनं जोरात फुंकली. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. "अहो, फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा!" नर्स हसत म्हणाली. उशी छातीशी धरून, कळा सोसत तोही हसला. "जन्मभर फुंकण्यावर नाव कमावलं, बाई. आता ओढायला शिकवा." घरी आल्यावर तो वाडीत केळीच्या सावलीत बसून गोळ्या वर उचलायचा, आणि वहिनी समोर बसून पहारा द्यायच्या. डावा हात पूर्वीसारखा चालत नव्हता. त्याची तक्रार मात्र कधी ऐकली नाही.

मग एका संध्याकाळी तो सरावाला आला. मयतीची चाल घेतली. तिची मधली ओळ लांबलचक, एका दमात न्यायची. पास्कूचा श्वास अर्ध्यावर संपला. आम्ही पुढे निघून गेलो, तो मागे राहिला, चेहरा लालबुंद. मला बघवेना. म्हटलं, "पास्कू, तू झांजा घे ना काही दिवस."

"झांजा तू वाजव!" तो उसळला. थोडा दम घेतला आणि म्हणाला, "मी अर्ध्यावर थांबणार. तुम्हीही थांबा. सगळेच थांबले तर चूक कुणाची ते कळत नाही."

पहिल्यांदा आम्ही एकमेकांवर आदळलो. कुणी थांबला, कुणी पुढे गेला, ड्रमवाला तर भलतीकडेच. पण पास्कूनं हट्ट सोडला नाही. चार फासळ्या कमी असलेल्या माणसानं त्यानंतर कितीतरी लग्नं आणि कितीतरी मयती वाजवल्या. दुखणं फुप्फुसात उतरलं तेव्हाच ट्रम्पेट खाली ठेवला.

पास्कूच्या मयतीला वटार गावचा जोएल ट्रम्पेट घेऊन पुढे होता. बँकेत नोकरी करतो, वर्षभरापूर्वीच आमच्यात आलेला, धडधाकट छातीचा. घरापासून चर्चपर्यंत तीच चाल. मधली ओळ आली आणि जोएल अर्ध्यावर थांबला. आम्ही सगळे थांबलो, ड्रमही. रस्त्यावर फक्त चपलांचा आवाज... वहिनींनी मान वर केली. मग उरलेली ओळ सुरू झाली.

नंतर मी जोएलला विचारलं, "तुला तर ती ओळ एका दमात जमते. मग थांबलास का?"

तो गोंधळला. "तिथे थांबायचंच असतं ना, सर? चाल तशीच आहे."

"हो," मी म्हटलं. "तशीच आहे."