बाहीवरचे तंतू

दोघी बहिणींतली थोरली कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली ती काचेची भांडी धुवायला. पुढे कुणीतरी तिच्या हाती तंतू काढायचे यंत्र सोपवले आणि त्या दोघांचे असे गूळपीठ जमले की, मावशी रजेवर गेल्या की यंत्रही रुसून बसते, असे विद्यार्थी म्हणू लागले.

घरी दोघी बहिणीच. नवरा गेल्यावर धाकटी ताईकडे राहायला आली आणि शिवणकाम करू लागली. तू तिथे करतेस तरी काय, असे तिने पहिल्याच आठवड्यात विचारले, तेव्हा ताईने जेवता जेवता सगळे समजावून सांगितले. सिरिंजमध्ये मधासारखे दाट द्रावण भरायचे. समोर फॉइल गुंडाळलेला ड्रम फिरत असतो. सुईला जबरदस्त दाबाची वीज द्यायची आणि ड्रमला अर्थिंगची तार लावायची. मग सुईच्या टोकावरचा थेंब ओढला जातो, त्याचा तंतू होतो, तो हवेत भिरभिरत वाळतो आणि ड्रमवर जाऊन बसतो. एकटा तंतू डोळ्यांना दिसतच नाही. दिसतो तो थरावर थर बसून झालेला पांढरा पापुद्रा. भाजलेल्या जखमेवर तो लावता येईल का, याची तिथे तपासणी चालली होती.

"आणि ती तार लावायची राहिली तर?"

"मग तंतू बिचारे जातील कुठे? जवळ जो उभा असेल त्याच्या गळ्यात पडतात." एक नवी मुलगी अशीच डोकेभर पांढरे जाळे घेऊन वर्गात जाऊन बसली होती. ते सांगताना ताईला हसू आवरेना. पण तसल्या ड्रमला हात लावू नये, विजेच्या झटक्याने माणूस फेकला जातो, हेही तिने सांगितले.

त्याला वर्षे झाली. यंदा एका संध्याकाळी धुवायला घेतलेल्या ताईच्या स्वेटरच्या बाहीवर धाकटीला कोळिष्टकासारखे काहीतरी दिसले. तिला वाटले, आपल्याच शिवणाचा दोरा असेल. चिमटीत धरले तर चिमटीत काहीच उरले नाही. तिने स्वेटर भिजत घातला. काही दिवसांनी तसेच खांद्यावर दिसले, आणि मग केसांत. भाजीत दोनदा मीठ पडले, किल्ली हातात असून ताई किल्ली शोधत राहिली, ते सगळे तिने वयावर ढकलले होते. हे मात्र तिला ढकलता येईना.

"ताई, हे काय?" तिने स्वेटर समोर धरला.

"खिडकी उघडी असेल. वाऱ्याने आलं असेल."

"तू खिडकी उघडी ठेवून यंत्र लावतेस?"

ताईने स्वेटर तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "ओरडू नकोस माझ्यावर."

"मी कुठे ओरडतेय?"

"तोंडाने नाही. डोळ्यांनी ओरडतेस तू, लहानपणापासून." मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि स्वेटर मांडीवर घेऊन त्याची घडी घालू लागली. "तार लावल्याचं मला आठवतं गं. पण ते कालचं असतं."

धाकटी तिच्या शेजारी बसली.

"यंत्र काढून घेतलं तर मी काय करू? परत बाटल्या धुऊ?"

"धू. मी येते पुसायला."

सकाळी दोघी मिळून गेल्या. धाकटीने वाटेत चांगले भाषण जुळवले होते, पण ताईने तिला तोंड उघडू दिले नाही. प्रयोगशाळेच्या मॅडम एके काळी ताईच्याच हाताखाली यंत्र लावायला शिकल्या होत्या. त्यांना तिने काही न लपवता सगळे सांगितले. मॅडम म्हणाल्या की, आजपासून बटणाला तुम्ही हात लावायचा नाही. तार दोन मुले मिळून तपासतील. पण फॉइलवरून पापुद्रा सोडवायला तुम्हीच हव्यात, आमच्या हातात तो फाटतो, नाहीतर बोटांना चिकटून बसतो.

"दया म्हणून म्हणताय का?" ताईने विचारले.

"दया असती तर घरी बसा म्हणाले असते, मावशी. मी काम सांगतेय."

ताईने पर्समधून यंत्राची किल्ली काढून टेबलावर ठेवली. पुन्हा उचलली, रुमालाने पुसली आणि मग ठेवली.

संध्याकाळी ती घरी आली ती खुशीत. आज पापुद्रा अखंड सुटला, म्हणाली, दुधावरची साय निघावी तसा. खिडकीपाशी धरला तर पलीकडचे झाड दिसत होते. केवढा होता, असे धाकटीने विचारले. टॉवेलएवढा, ताई म्हणाली.

जेवणे झाली. धाकटी बटणे लावत बसली होती. ताई हात पुसत आली आणि म्हणाली, "अगं, तुला सांगायचं राहिलंच. आज पापुद्रा अखंड सुटला." तीच साय, तेच झाड, आणि चेहऱ्यावर तोच आनंद.

धाकटीने सुई खाली ठेवली. केवढा होता, ते तिला ठाऊक होते. म्हणून तिने दुसरेच विचारले. "सोडवताना श्वास रोखून धरतेस का गं?"

ताई विचारात पडली. मग तिच्या बोटांनी हवेतच एक कड हलकेच उचलली, आणि तिने खरोखरच श्वास रोखला.

"हो गं," ती म्हणाली. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं."