कढीपत्त्याचा उपास

ऐंशीच्या दशकात मी शाळेत विज्ञान शिकवायचो. चेंबूरच्या आमच्या गॅलरीसमोर कारखान्यांची धुराडी होती. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं जोमानं वाढतात, असं कुठंतरी वाचलेलं, म्हणून डब्यातल्या कढीपत्त्याला मी कधी खत घातलं नाही. श्रावणात तो पिवळा पडला. शाळेतून दमून यायचं आणि त्याचं ते मरगळलेलं रूप बघायचं! वैतागून मी डबा धुराकडे सरकवला.

गणपती गेले, घरात बांगडे आले. ते धुतलेलं पाणी आईनं डब्यात ओतलं. दर रविवारी ती हेच करायची, माझं लक्षच नव्हतं.

"श्रावणभर आपल्याबरोबर त्यालाही उपास घडला रे," ती म्हणाली.

पंधरवड्यात हिरवी पालवी फुटली. वर्गात मात्र मी पुस्तकातलाच धडा शिकवत राहिलो. त्यात बांगडे नव्हते.