टाचणी लावलेलं पान

दिवाकरच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. फळ्यावरचं समीकरण अर्धवट टाकून मी तसाच निघालो…

दिवाकर आणि मी भंडाऱ्यात एकाच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. तो करडी गावचा, धानाची शेती असलेल्या घरातला. आम्हा दोघांना एकच खूळ होतं: जड क्वार्क हा मूलकण आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची जोडी. दोघांचे स्पिन, म्हणजे कणांची अंगची फिरकी, एका दिशेला असले तर जोडीचं वस्तुमान किंचित जास्त, उलट असले तर किंचित कमी. हा फरक आपल्या गणिताने काढायचा. प्रयोगात मोजलेला आकडा छापून आलेला असायचाच, पण दिवाकर ते पान वहीत दुमडून टाचणी लावायचा. आपलं उत्तर लिहून होईपर्यंत ती काढायची नाही. "पाहून केलं तं ते गणित नाही, नक्कल होय," म्हणायचा. मी त्याच्या या सोवळ्याची यथेच्छ टिंगल केली.

एका पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला तो चार दिवस गावी गेला. जड क्वार्कांपैकी चार्म क्वार्कवरून आम्ही स्पिनच्या ओढीचा आकडा पक्का केला होता. तोच त्याहून जड बॉटम क्वार्कला लावायचा होता. मी लावला. फरक फारच कमी वाटला… आणि मी टाचणी काढली. प्रोग्राममधल्या एका ओळीत ओढीचा तो आकडा जरा वाढवला, उत्तर जुळवलं आणि टाचणी त्याच भोकांत परत खोचली. दिवाकरने परतल्यावर पान उघडलं आणि उत्तर जुळलेलं पाहून तो खुर्चीतच बसून राहिला. डोळ्यांत पाणी. ते पाहून मी मसुदा लिहायला घेतला. शोधनिबंध दोघांच्या नावाने छापून आला.

पुढे मी त्या कामातून अंग काढून घेतलं. तो मात्र त्याच प्रोग्रामवर जोडीच्या वरच्या ऊर्जापातळ्या काढत राहिला. एकही जुळेना. शेवटच्या भेटीत पलंगावर पडल्यापडल्या म्हणाला, "पह्यलं तं बरोबर आलं होतं. आता चूक माझीच असन." मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो. मी भित्रा आहे, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तेरवीनंतर वहिनींनी त्याची वही मला दिली. पानोपानी वर माझ्या त्या खोट्या आकड्याने निघालेलं उत्तर, आणि खाली त्याच्या अक्षरात: माझी चूक कुठे? शेवटच्या गणितापुढे उत्तर नाही. शेजारचं पान टाचणीने बंद.

काल मी चार्मवरून काढलेला जुना आकडा घालून ते गणित केलं आणि उत्तर त्याच्या रिकाम्या जागेत लिहिलं. टाचणीला हात लावला, पण तो मागे घेतला. उत्तर आतल्या आकड्याशी जुळलं, तर त्याची इतकी वर्षं मी खाल्ली.