माईकवरचं फडकं

माझ्या माईकला फडकं बांधलं.

सूनबाईंच्या माईकला नाही. तो उघडाच होता, चकचकीत जाळीचा. माझ्यापुढच्या माईकसाठी त्यांच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, घरातून जुन्या धोतराचा तुकडा आणवला आणि माईकवाल्या रहीमचाचांना म्हणाले, "दोन पदरी बांधा. तोंड लागंल तिचं."

मी समोरच बसले होते. पडवीत, पोत्यावर. सूनबाई आत, सतरंजीवर. मधलं दार उघडं. माईकची वायर तेवढी उंबरा ओलांडून माझ्यापर्यंत आली होती.

आमचं गाव आष्टी, परतूर तालुक्यातलं. माझा बाप तात्यांकडं सालदार, दर पाडव्याला वर्षाची बोली करून राबणारा. आम्ही बौद्ध. आईबापानं दीक्षा घेतली तेव्हा मी मांडीवर होते. घरातले देव गेले, पण गावात आमची बसायची जागा होती तीच राहिली.

आई कापूस वेचताना गाणी रचायची. मी तान्ही असताना मला बांधावर झोळीत टाकायची आणि वेचत वेचत लांब गेली की मोठ्यानं गायची. मी रडू नये, मला कळावं की आई आहे. तिचं एक गाणं त्या झोळीवरच होतं. माझ्यावर होतं. ते ऐकतच मी मोठी झाले, आणि गळाही तिचाच उचलला.

तात्यांच्या सूनबाई औरंगाबादला शिकलेल्या. गाण्याची हौस. आमच्या बायकांच्या तोंडून त्यांनी ते झोळीचं गाणं ऐकलं होतं. ते टेप करून रेडिओला पाठवायचं ठरलं. पण वरच्या सुरात गेलं की त्यांचा आवाज चिरकायचा. म्हणून मला बोलावणं आलं.

बाप म्हणाला, "जा बाई. मालक म्हणून राह्यले. त्यांच्या संगं म्हणायचं नुसतं."

रहीमचाचा जालन्याहून सामान घेऊन आले होते. मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर, दोन माईक आणि त्यांना जोडलेली एक लहानशी पेटी. तिच्यावर दोन बटनं आणि एक सुई. मी टक लावून बघत होते, तर त्यांनी समजावलं. "ये बटन उनका, ये तुझं. फिरवलं की आवाज कमीजादा होते. सुई लाल मधी गेली की आवाज फाटते. दोन्ही बराबर मिळवायचे, मंग टेपवर एकच गाणं होते."

मला गंमत वाटली. गावात असं कुठंच होत नव्हतं, दोघींचं बराबर.

तात्या मागंच उभे होते. "बराबर कशाला? सूनबाईचा आवाज पुढं. हिचा खाली. आधार पाहिजे, पण कळता कामा न्हाई."

चाचांनी बटन फिरवलं. मी बघितलं. मान खाली घातली आणि गायला लागले.

वरचा सूर आला. सूनबाई अडखळल्या, मी उचलला. जीव लावून उचलला, कारण गाणं आईचं होतं. सुई लालमध्ये गेली. चाचांनी माझं बटन आणखी खाली घेतलं. मी आणखी जोर लावला. त्यांनी आणखी खाली घेतलं. माझ्याच गळ्याला दुसऱ्याच्या हातातलं बटन. काय करणार?

मग त्यांनी टेप वाजवून दाखवली. मी ऐकतच राहिले. आवाज एकच होता, गोड, भरलेला. कुठं सूनबाई संपतात आणि कुठं मी सुरू होते, काही कळत नव्हतं. "फडक्यानं आवाजची धार जाते बेटी," चाचा हळू बोलले. "म्हणून असा मिसळून गेला."

शिवायला नको म्हणून बांधलेलं फडकं. त्यानंच मला सूनबाईंच्या आवाजात विरघळवून टाकलं होतं.

उठताना तात्या म्हणाले, "ते फडकं तिलाच द्या. आम्हाला काय करायचं आता त्याचं."

मी हात पुढं केला. घेतलं. घरी आले तर आईनं विचारलं, "काय दिलं गं?" मी फडकं तिच्या हातात दिलं. तिनं उलटंपालटं करून बघितलं, तिला कळलं, आणि तिनं ते चुलीत घातलं.

पुढं शाळेच्या संमेलनात भोंग्यावर ती टेप लावली. सगळं गाव जमलेलं. आम्ही मागं, भिंतीपाशी. हेडमास्तर म्हणाले, "आता ऐकू या आपल्या सूनबाईंनी रचलेलं आणि गायलेलं गीत."

गाणं सुरू झालं. आईनं माझं मनगट धरलं. "आगं, हे तं माझं हाय. आन् हा गळा तुझा हाय."

पुढच्या बायांनी वळून बघितलं. एक हसली. "सपान पडलं का गं तुला?"

सूनबाई पुढं खुर्चीवर होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं. आमची नजरानजर झाली. मग त्या समोर बघायला लागल्या. टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात उठून एक वाक्य बोलल्या असत्या तर! नाही बोलल्या.

कार्यक्रम सुटल्यावर मी चाचांना गाठलं. ते भोंगा उतरवत होते. "चाचा, माझा आवाज येगळा काढून द्या. तेवढाच. लोकायला ऐकवते."

ते वायर गुंडाळत म्हणाले, "न्हाई निघत बेटी. टेपवर जायच्या आधी दोन असतात. गेल्यावर एकच. मग कोणालाच वेगळं करता येत न्हाई."

इतकं लाचार मला फडक्यापुढंही वाटलं नव्हतं.

काही महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. दुसरं गाणं भरायचं होतं, तेही आईचंच. बापानं हात जोडले, खरंच जोडले. "एवढ्या बारीनं जा. पाडव्याला साल ठरायचंय माझं."

गेले. तेच पोतं, तीच वायर. माईकवर नवं फडकं. आवाज तपासायला चाचांनी टेप चालू केली आणि मला म्हणाले, "बोल काही."

मी फडक्याची गाठ सोडली. फडकं उंबऱ्यावर ठेवलं.

तात्या ओरडले, "ए! बांध ते. न्हाईतं ऊठ."

मी माईकजवळ तोंड नेलं. "मी न्हाई गात. हे माझ्या मायचं गाणं हाय."

सुई टोकापर्यंत गेली. चकत्या फिरतच होत्या. म्हणजे तेही टेपवर उतरलं. फडक्याशिवायचा माझा तेवढाच आवाज कुठं तरी उतरला होता.

मी उठले. अंगण ओलांडेपर्यंत मागून टेप उलटी फिरल्याची चिरचिर ऐकू आली. तात्या सांगत होते, "पुसा ते. त्याच्यावरच सूनबाईचं भरा." चाचांनी भरलं.

पाडव्याला बापाचं साल मोडलं. तो माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. आईचं झोळीचं गाणं अजून सूनबाईंच्याच नावावर आहे. ते मी परत मिळवू शकले नाही. कधी मिळेल असं वाटतही नाही.

पण तेव्हापासून माझं ठरलं आहे. गायला बसले की आधी माईक बघते. फडकं असलं तर माझ्या हातानं सोडते. मग विचारते, बटन कुणाच्या हातात आहे, आणि गाणं कुणाचं म्हणून सांगणार. आईचं नाव आधी घ्यायला लावते, माझ्या कानांनी ऐकते. नाही घेतलं, तर उठते. पुढं कुणी का बसलेलं असेना, घरात चूल पेटो न पेटो, उठते.