लाल खडूने लिहिलेला पांढरा

मुलाने शब्द अचूक वाचला की बाई खूश व्हायच्याच नाहीत. चष्म्यावरून आधी त्या मुलाकडे आणि मग दाराशी बसलेल्या आम्हा आयांकडे बघायच्या, जणू आम्हीच मागून उत्तर पुरवलं होतं. शेजारपाजारचे त्यांना 'वहमी मॅडम', म्हणजे संशयी बाई, म्हणत.

अवधपुरीतल्या त्यांच्या घरी रविवारी मराठीचा वर्ग भरायचा. कारखान्यातल्या नोकरीपायी भोपाळला आलेल्या आमच्यासारख्यांची मुलं घरातसुद्धा 'मम्मी, पानी दो' म्हणायची. माझ्या इराची मराठी अशीच हातची जाईल, या धास्तीने मी तिला तिथे घातलं होतं. सुरुवात रंगांच्या शब्दांनी व्हायची, कार्डावर प्रत्येक शब्द त्याच्याच रंगात लिहिलेला. अक्षरं फोडायची नाहीत, अख्खा शब्द बघून ओळखायचा. ते जमलं की गोष्टीचं पुस्तक मिळायचं.

इरा महिन्याभरात सगळी कार्डं धडाधड वाचू लागली. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी घोकून घेता का? मी नाही म्हटलं, तेही त्यांना पटलं नसावं. पुढच्या रविवारी रंगीत कार्डं कपाटात गेली आणि तेच शब्द काळ्या शाईत आले. इराला एकही वाचता येईना. "ही रंग ओळखते, शब्द नाही," बाई म्हणाल्या. मला असा राग आला! माझ्याच मुलीवर यांनी डूख का धरलाय, असा संशय आता मला येऊ लागला.

तरी आम्ही जात राहिलो. एका रविवारी बाईंनी लाल खडूने फळ्यावर 'पांढरा' लिहिलं आणि इराला उभं केलं. इरा बराच वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "सफेद."

मुलं हसली. माझी मान खाली गेली. एवढं करून शेवटी हिंदीच.

बाईंनी खडू ठेवला. "हसू नका रे. समोर लाल दिसत असून ही सफेद म्हणाली. आज हिने वाचलं. जिभेवर मराठी येईल सावकाश." त्यांनी गोष्टीचं पुस्तक इराला दिलं आणि लगेच माझ्याकडे वळल्या. "इराची आई, तुम्ही वाचून दाखवायचं नाही हं." मला हसू आलं आणि रडूही.

गेल्या वर्षी बाई मुलाकडे नागपूरला गेल्या, वर्ग बंद झाला. इराला शाळेत हल्ली रोज शाबासकी मिळते. पण माझ्या मुलीकडे इतकं निरखून नंतर कोणी बघितलेलं नाही.